एका तांब्याचं पाणी

भरावावर बसलेल्या बायकांनी मला लांबूनच ओळखलं. मी पदर डोक्यावर नीट घेतला आणि चालत राहिले. मे महिना सरत आला होता, वळवाचे ढग रोज गोळा व्हायचे आणि न पडताच पांगायचे. रस्त्याच्या मधोमध कडहट्टीच्या बायका सतरंज्या टाकून बसल्या होत्या. कुणी शेंगा फोडत होतं, कुणी पोराला पाजत होतं. त्यांच्या अलीकडं जेसीबी उभा होता आणि त्याच्या सावलीत ड्रायव्हर झोपला होता.

"आली बगा," त्यातली एक म्हणाली, "जेसीबीची आई."

"आई कुठली? सासू म्हण," दुसरी म्हणाली.

मी थांबले. म्हटलं, "सासू असते तर असा झोपू दिला असता व्हय?"

त्या हसल्या. मला बरं वाटलं. हसणाऱ्या बाईशी भांडता येतं, मुकाट बसलेलीशी येत नाही. एकीनं सरकून मला वाट करून दिली आणि वर म्हणाली, "जा, तुझी विहीण शेवया करायला लागलीय. तुला घालंल दोन."

घालणार नव्हती, आणि मी खाणारही नव्हते. ते तिलाही माहीत होतं.

आमचं नांदरगाव महाराष्ट्रात आणि कडहट्टी कर्नाटकात. मधे हद्दीचा दगड, पण तो सरकारसाठी. सोयरिकी इकडून तिकडं, बाजार एकच, जत्रा एकच. नदी आमच्या गावाला वळसा घालून खाली त्यांच्याकडं जाते. दोन्ही गावांना जोडणारा रस्ता सखल रानातून जातो म्हणून फार वर्षांपूर्वी मातीचा उंच भराव घालून तो केलेला. नदीला पूर आला की हाच भराव बांधासारखा आडवा यायचा. पाणी आमच्या बाजूला तुंबायचं आणि त्यांची खालची गल्ली कोरडी राहायची. आदल्या वर्षी तर आमच्या माळवदावरून होडी गेली. माझी दावणीची म्हैस दावणीलाच बुडून मेली. तिचं दावं कापायला कुणी पोचू शकलं नाही.

त्या पुरानंतर दोन्ही सरकारांचे साहेब एकत्र येऊन पाहणी करून गेले. ठरलं ते असं: भराव ठिकठिकाणी तोडून पाण्याला वाट करायची आणि पुढं त्या जागी कमानींचा पूल बांधायचा. सुटलेलं पाणी कडहट्टीच्या खालच्या गल्लीत शिरू नये म्हणून तिथं दगडी भिंत घालायची. ठरलं ते चांगलंच होतं. पण भराव आमच्या हद्दीत आणि भिंत त्यांच्या. त्यांच्या सरकारची भिंत अजून कागदावर होती आणि आमच्या सरकारचा जेसीबी दारात येऊन उभा राहिला होता. म्हणून त्या बायका बसल्या होत्या. त्यांची पुढारीण होती माझी विहीण, निलव्वा.

मी कोण, तर नांदरगावच्या पंचायतीत बायकांच्या जागेवर निवडून आलेली. सहीपुरती शाळा शिकलेले, पण गावात माझ्या शब्दापुढं सरपंचाचं चालत नव्हतं. सकाळीच मी आमच्या इंजिनियर साहेबांशी बोलले होते. तरणा माणूस, घाम पुसत होता. तो म्हणाला, "मावशी, बायका आपणहून उठल्या तर यंदा अर्ध्या जागी तोडून थांबतो. उरलेलं भिंत झाल्यावर. पण पोलीस बोलवायला लागले तर परत परत बंदोबस्त मिळत नाही. मग एकदाच सगळं तोडून मोकळा होणार."

एवढं घेऊन मी निघाले होते. आणि आणखी एक काम होतं. माझी महानंदा, निलव्वाची सून, सातव्या महिन्यात होती. पहिलं बाळंतपण माहेरी. भराव तुटायच्या आत तिला गाडीत घालून घरी आणायचं होतं.

महानंदाचं घर खालच्या गल्लीतलं पहिलंच.

गल्लीच्या तोंडाशी हातपंप होता. तिथं मी ओंजळीनं पाणी प्याले, मग पुढं गेले. लेकीला मूल होईस्तोवर आईबापानं तिच्या घरचं पाणी पिऊ नये, ही आमच्या घरची रीत. माझ्या आईनं पाळली. ती मला भेटायला यायची तेव्हा उन्हातान्हाची वेशीवरच्या विहिरीत उतरून पाणी पिऊन यायची आणि माझ्या ओसरीवर कोरड्या घशानं बसायची. माझ्या सासूनं तिला कितीदा ताक पुढं केलं, आईनं हात लावला नाही. मी तिचीच लेक. लग्नातच मी निलव्वाला हे सांगितलं होतं. ती म्हणाली होती, "तुझी रीत तुझ्यापाशी. आमच्यात असलं नाही. आम्ही बीगतीला खाऊ घालून घालून मारतो." त्यांच्यात विहिणीला बीगती म्हणतात.

निलव्वा सोप्यात पाटावर शेवया काढत होती. हात पिठानं पांढरे. महानंदा काठीवर शेवया वाळत टाकत होती. मला बघून तिचा चेहरा फुलला, पण ती सासूकडं बघून जागीच थांबली. दाराजवळ तिची पिशवी भरून ठेवलेली मला दिसली. वर बाळंतपणासाठी काढलेली जुनी मऊ लुगडी घडी करून ठेवली होती. म्हणजे पाठवणार होती. मी मनात सुस्कारा टाकला.

"ये आक्का," निलव्वा म्हणाली. माझं नावच आक्काताई, पण तिच्या तोंडी ते थोरल्या बहिणीसारखं यायचं. "फौज कुठं ठेवलीस?"

"तुझी बघून माझी पळाली," मी म्हटलं.

मग आम्ही बोललो. बराच वेळ बोललो. ती म्हणाली, तुमची म्हैस गेली हे मला माहीत आहे, तिचं दूध मीही खाल्लंय. पण तुमचं पाणी काढून आमच्या चुलीत घालायचं, हा कुठला न्याय? मी म्हटलं, आमच्या चुलीत इतकी वर्षं होतं तेव्हा न्याय आठवला नाही. ती म्हणाली, भराव आम्ही घातला नाही. मी म्हटलं, आम्हीही नाही. बोलण्यासारखं खरं तेवढंच होतं.

मी साहेबांचा निरोप सांगितला. अर्ध्यावर थांबतील, भिंत होईपर्यंत उरलेलं तोडणार नाहीत. अर्ध्यानं आमचं पाणी माळवदावरून कमरेवर येईल आणि तुमच्या उंबऱ्याच्या वर चढणार नाही.

"साहेबाचा शब्द?" निलव्वा म्हणाली.

"साहेबाचा नव्हे. माझा. त्यानं पुढं हात घातला तर मी जेसीबीपुढं आडवी पडते. तुझ्या बायकांच्या आधी."

तिनं माझ्याकडं बघितलं. तिचे डोळे बारीक होते, बघायला लागली की माणूस वाळत घातल्यासारखं व्हायचं. मग ती उठली, हात धुतले आणि आत गेली. आत तिचं आणि महानंदाचं काहीतरी कुजबुजणं झालं. तेवढ्यात गल्लीतल्या बायका एकेक करून सोप्याच्या पायरीशी येऊन उभ्या राहिल्या. कुणी बोलावलं होतं कुणास ठाऊक. शेजारची एक पोरगी पितळी तांब्या घेऊन पळत बाहेर गेली आणि परत आली तेव्हा तिचे पाय चिखलानं भरलेले होते. नदीवर जाऊन आली होती.

निलव्वानं तो तांब्या तिच्या हातातून घेतला, सगळ्यांच्या देखत उचलून एक घोट प्याली. आणि तोच तांब्या माझ्यापुढं ठेवला.

महानंदा आतल्या दारात उभी होती. तिनं डोळ्यांनी मला काहीतरी खुणावलं. मला वाटलं, लेक शरमली.

मी तांब्याकडं बघितलं. आत गढूळ पाणी, कडेला तिच्या ओठाचा ओला डाग. घरात मांडणीवर भरलेले हंडे मला समोर दिसत होते. गावाच्या बायका गोळा करून, माझी रीत ठाऊक असून, नदीचं पाणी, आणि तेही उष्टं. माझ्या आईचा कोरडा घसा मला आठवला. मी उठले.

"घरात हंडे भरलेले असताना विहिणीला नदीचं पाणी," मी म्हटलं, "आणि तेही तोंड लावलेलं. बरा मान केलास, निलव्वा."

पायरीवरची एक म्हातारी खाली मान घालून निघून गेली. मग दुसरी गेली. निलव्वा रागावली असती तर मला समजलं असतं. ती रागावली नाही. तिनं तांब्या उचलला, अंगणात जाऊन तुळशीच्या बुडाशी ओतला आणि पालथा घातला.

"मग राहू दे," ती म्हणाली. दाराजवळची पिशवी तिनं पायानं नव्हे, हातानं उचलली आणि आत नेऊन ठेवली. "हेही राहू दे."

"शब्द दिलाय मी," मी म्हटलं.

"ऐकला," ती म्हणाली.

मी महानंदाला हाक मारली. ती हलली नाही. मी भरावावरून एकटी परत आले. वाटेत त्या बायकांनी काही टोमणा मारला नाही. माझ्याआधी बातमी पोचली होती.

तरी मला वाटत होतं, सकाळी उठतील. शब्द तर मी दिलेलाच होता आणि माझा शब्द खाली पडल्याचं दोन्ही गावांत कुणी बघितलं नव्हतं. साहेबालाही मी तसंच सांगितलं. म्हटलं, "निलव्वा तोंडाची फाटकी आहे, डोक्याची नाही. उद्या रस्ता मोकळा मिळेल."

सकाळी रस्ता मोकळा नव्हता. आदल्या दिवशी होत्या त्याहून जास्त बायका होत्या, आणि सतरंज्या नव्हत्या. मातीवरच बसल्या होत्या. शेंगा नाहीत, बोलणं नाही. पहिल्या रांगेत निलव्वा, आणि तिच्या शेजारी पाय लांब करून, पोटावर हात ठेवून, माझी महानंदा.

साहेब माझ्याकडं वळून म्हणाला, "मावशी, तुम्ही म्हणाला होता..." मी त्याला पुढं बोलू दिलं नाही. मी सरळ जाऊन लेकीपुढं उभी राहिले.

"ऊठ," मी म्हटलं. "गाडी आणलीय. घरी चल."

"घरीच बसलेय," ती म्हणाली.

"पोटात पोर आहे तुझ्या. ह्या लोकांच्या नादाला लागू नको."

तिनं वर बघितलं. डोळे लाल झाले होते, रात्रभर झोपली नसावी. "काल अत्तींनी एवढं पुढं केलं," ती म्हणाली, "सगळ्या गावासमोर केलं. आणि तू पाठ फिरवलीस, आई. आता मी कुठल्या तोंडानं येऊ?"

सासूला ती अत्ती म्हणायची, तिकडच्या रीतीनं. मला त्या वेळी एवढंच ऐकू आलं, की माझी लेक माझ्यापुढं सासूची बाजू घेतीय, आणि तीही तिच्या भाषेतल्या नावानं. मी म्हटलं, "येऊ नकोस मग." आणि वळले.

दुपारी पोलीस आले. लेडीज पोलिसांनी एकेकीला दंडाला धरून उठवलं. कुणाला लागलं-सवरलं नाही, तसं कुणी म्हणू नये. महानंदाजवळ आले तेव्हा ती आपली आपण उठली. निलव्वाच्या खांद्यावर हात टाकून पलीकडं चालत गेली. मागं वळून बघितलं नाही. मी बघत होते, म्हणून सांगते.

मग जेसीबी चालू झाला. साहेबानं म्हटल्याप्रमाणे एकदाच सगळं उरकलं. मी आडवी पडणार होते ना? जिनं शब्द घेतला नाही, तिच्यासाठी आडवं काय पडायचं, असं मी स्वतःला सांगितलं आणि उभी राहिले. आमच्या पोरांनी फटाके लावले. सरपंचानं पेढे वाटले. माझ्या मुलानं, दादासोनं, तो पेढा माझ्या हातावर ठेवला तेव्हा तो म्हणाला, "आई, यंदा म्हैस बांधू या." आम्ही बांधलीही.

त्या श्रावणात पूर आला. पाणी आमच्या मारुतीच्या पायरीला लागलं आणि मागं फिरलं. गावातल्या म्हाताऱ्यांनी असं आयुष्यात बघितलं नव्हतं. लोक पायरीशी जाऊन पाण्याला कुंकू लावून आले. मी गेले नाही. मी भरावाच्या तुटलेल्या कडेला जाऊन उभी राहिले. समोर वाटेत पाणी असं धावत होतं, की त्याच्या आवाजात हाक मारायची सोय नव्हती. पलीकडं कडहट्टीची खालची गल्ली दिसत होती. माणसं डोक्यावर गाठोडी घेऊन माळावरच्या शाळेकडं चालली होती. मातीच्या भिंती बसताना धूर उठल्यासारखा दिसतो, ओल्या असल्या तरी. पहिलं घर बसलं ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

महानंदा त्याच शाळेत बाळंत झाली. बाकं जोडून. मुलगा झाला, दोघंही सुखरूप. मला हे कळलं तेव्हा पूर ओसरून गेला होता.

बारशाला मी गेले. रस्ता नव्हता, दोन एसट्या बदलून लांबच्या पुलावरून वळसा घालून गेले. बरोबर डिंकाचे लाडू, कुंची, दुपटी आणि घरचं तूप घेतलं. ते लोक माळावर पत्र्याच्या खोलीत राहत होते. निलव्वा दारातच बसली होती. गल्लीतल्या घरापैकी तिच्यापाशी काय उरलं असेल, तर पाठीमागं ठेवलेली शेवयाची ती काठी.

"या," ती म्हणाली. "बसा."

या, बसा. मला पहिल्यांदा अहोजाहो.

मी नातवाला मांडीवर घेतलं. त्याच्या गालावर महानंदाचीच खळी होती. जमलेल्या बायका माझ्याशी नीट बोलल्या, कुणी वाकडं तोंड केलं नाही. बाळाला पाळण्यात घातलं, नाव ठेवलं, घुगऱ्या वाटल्या. माझ्या हातावरही ठेवल्या. ऊन पत्र्यातून आत उतरत होतं आणि माझा घसा सुकला होता. त्या दिवशी मी हातपंपावर थांबले नव्हते. कारण आता लेकीला मूल झालं होतं, रीत फिटली होती. आता मला ह्या घरचं पाणी चालत होतं. कोपऱ्यात माठ होता, त्यावर फुलपात्र पालथं घातलेलं. मी दोनदा तिकडं बघितलं.

पाणी कुणी विचारलं नाही.

महानंदा मला एसटीच्या फाट्यापर्यंत सोडायला आली. बाळंतीण बाई, नको म्हटलं तरी आली. फाटा दिसायला लागला. मग म्हणाली, "आई, तुला खरंच ठाऊक नव्हतं का?"

"काय?"

"इथं तंटा मिटला की दोघं एका तांब्यातलं पाणी पितात. ज्याला माघार घ्यायची तो आधी पितो. मग दुसऱ्यापुढं ठेवतो. त्यानं प्यायलं की शब्द पक्का. नुसत्या तोंडच्या शब्दाला इथं कुणी विचारत नाही."

मी डोक्यावरचा पदर पुढं ओढला.

"मी आत अत्तींना म्हटलं होतं, आईला आपल्या घरचं पाणी चालत नाही. त्या म्हणाल्या, मला माहीत आहे. म्हणून तर नदीचं आणायला पाठवलंय. नदीचं पाणी कुणाच्या घरचं नसतं, ते तिला चालेल." महानंदा थांबली. "मला वाटलं, तू ओळखशील. मी खूण पण केली."

एसटी आली. मी चढले. खिडकीतून बघितलं तर ती पाठमोरी निघाली होती.

पुढं सगळं झालं. भिंत झाली, दगडी, चांगली रुंद, तिच्यावरून आता पोरं सायकली पळवतात. कमानींचा पूल झाला. पूर येतो आणि दोन्ही गावांना शिवून निघून जातो. माणसं म्हणतात, दोन सरकारांनी मिळून एवढं एक काम नीट केलं. बरोबर आहे. मी कशाला नाही म्हणू? माझ्या गोठ्यात आज चार म्हशी आहेत.

दादासोच्या थोरल्याच्या लग्नाला निलव्वा आली होती. मानाची विहीण म्हणून आली, मानानं वागली. गुडघे गेले होते, काठी घेऊन चालायची. जेवणं झाल्यावर मांडवात गर्दी पांगली आणि ती खांबाला टेकून एकटी बसली. मी दादासोला नदीवर पाठवलं होतं. त्याला वाटलं, म्हातारीला काय खूळ लागलं. मी त्याच्या हातून तांब्या घेतला, तिच्यासमोर बसले, एक घोट प्याले आणि तिच्यापुढं ठेवला.

निलव्वानं तांब्याकडं बघितलं. मग माझ्याकडं, त्याच बारीक डोळ्यांनी. रागानं नाही.

"आता कशाला हो," ती म्हणाली. "आता तंटा कुठं आहे आपला?"

तिनं काठी टेकली, उठली आणि नातवाला हाक मारत गाडीकडं गेली.

मी तिथंच बसले. दादासो म्हणाला, आई, ते पाणी टाकून देतो. मी त्याला हात लावू दिला नाही. गढूळ होतं. सगळं मीच प्याले.